समेटाची रापण

७ ऑगस्ट २००८

प्रिय हिरा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. हे पत्र तुझ्या लेकीकडून, दिव्याकडून वाचून घेऊ नकोस, जावयाकडून तर नाहीच. साक्षरतेच्या वर्गात तुला बाराखडी मीच शिकवली होती. 'ज्ञ कित्याक लागता गो आमका?' म्हणून तू भांडायचीस, ते मी विसरलेले नाही. तेव्हा दार लोटून घे, चष्मा लागला असेल तर तो लाव, आणि एकेक अक्षर लावत तूच वाच. वेळ लागला तर लागू दे. सात वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, त्यात आणखी एक दुपार गेली तर काय बिघडतं!

समितीचं निमंत्रण तुला कणकवलीला पोचलं असेलच. गुलाबी कार्ड, वर गणपती, आणि खाली 'आपले विनीत' म्हणून जी नावं आहेत त्यांत माझंही आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. कार्डं छापून आली तेव्हा माझे दीर, बाळाभावजी, घरी आणून दाखवून गेले. 'वैनी, तुमचा नाव पयल्या ओळीत घातलंव,' म्हणाले. जसं काही माझ्या घरचं लग्नच निघालंय. तर हे लग्न कसलं ते ऐक. नारळी पुनवेला आपल्या गावच्या वरच्या वाडीचा आणि खालच्या वाडीचा समेट आहे. गाव तंटामुक्त म्हणून जाहीर व्हायचंय, त्याशिवाय बक्षीस नाही. आणि गावात भांडण असलं तर जेटीही मंजूर होत नाही म्हणे. इतकी वर्षं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना जी अक्कल सुचली नाही ती जेटीने सुचवली.

समेटाचा कागद देवळात वाचून दाखवला. ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब राहतील, रापणवाले ट्रॉलरवर दगड मारणार नाहीत, कोर्टातले दावे दोघांनी काढून घ्यायचे, वगैरे वगैरे. मग आपल्या दोघींच्या घरांचा नंबर लागला. तुझा नवरा काशीराम आणि माझा मुलगा किरण हे 'समुद्रातील दुर्दैवी घटनेत' गेले, असं त्यात लिहिलंय. माणसं दोन, एक कार्तिकात गेलं, एक शिमग्यात, आणि घटना मात्र एक! एक तुमचा, एक आमचा, फिटंफाट. दोन्ही घरांना शाल आणि श्रीफळ मिळणार आहे. या उकाड्यात शाल घेऊन मी काय करू, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बायकांनी नुसतं बसायचं होतं. त्यानंतर दोन्ही वाड्यांनी मिळून एक रापण ओढायची, ते एवढं मोठं जाळं दोन बाजूंच्या दोरांनी किनाऱ्यावर खेचायचं. ज्याने दोराला हात लावला त्याला समेट मान्य, असं ठरलंय. रापणीच्या एका दोराला पहिला हात तुझा, दुसऱ्या दोराला माझा, आणि मग बाकीचा गाव. श्रावणातल्या खवळलेल्या दर्यात रापणीला काय गावणार, कपाळ! पण पेपरवाले फोटो काढायला येणार आहेत, त्यांना दोर ओढणाऱ्या बायका हव्यात, मासे नकोत.

समेट नको असं मी म्हणत नाही हां. मला भांडकुदळ म्हणायला तू मोकळी आहेस, पण इतकीही मी वाईट नाही. या सात वर्षांत आम्ही काय काय बघितलं ते तुला कणकवलीत बसून कळायचं नाही. माझ्या अंगणवाडीत खालच्या वाडीचं एक मूल येईना. त्यांच्या बावीचं पाणी आम्हांला बंद, आमच्या चक्कीचं दळण त्यांना बंद. आनंदीबाई गेल्या ना, आपल्या गावच्या सुईणबाई, दोन्ही वाड्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली. स्मशानाची वाट खालच्या वाडीतून जाते, म्हणून त्यांची तिरडी आमच्या माणसांनी खाजणातल्या चिखलातून नेली. गुडघाभर चिखलात माणसं पडत होती, आणि पलीकडे कुंपणाला टेकून खालची वाडी बघत होती. त्यातल्या कितीतरी जणांची नाळ त्याच बाईने कापलेली. तेव्हा हे थांबायला हवं, यात वाद नाही. आमचे हे तर म्हणतात, 'माका आता झगडूक जमाचा नाय गो, दमलंय मी.' तेच तुझे सत्यवान भावजी आता दोन पायऱ्या चढले तरी बसतात. त्यांच्यावर रागावले तरी तो राग फार वेळ टिकत नाही.

पण समेट कुणामध्ये व्हायचा असतो गो? भांडण ज्यांचं होतं त्यांच्यात ना? तुझं आणि माझं भांडण कधी झालं होतं, मला सांग. एकाच वर्षी आपण दोघी लग्न होऊन या गावात आलो, तू खालच्या वाडीत, मी वरच्या. तेव्हा वरची आणि खालची म्हणजे नुसती उतारावरची घरं होती. मालवणच्या बाजारात एकाच गोणपाटावर बसायचो, तुझे पेडवे आणि माझे बांगडे शेजारी शेजारी. गिऱ्हाईक तुझ्याशी घासाघीस करायला लागलं की मी तोच मासा मुद्दाम चढ्या भावाने ओरडायचे, मग ते मुकाट्याने तुझ्याकडचा घ्यायचं. किरण झाला तेव्हा मला टायफॉईड होऊन दूध आटलं. दिव्या तुझ्या पदराखाली होती. तू काही न विचारता त्याला माझ्या कुशीतून उचललंस. 'एकाक पुरता तर दोघांकय पुरात,' म्हणालीस. माझी सासू नाक मुरडत होती, तिच्या देखत तू त्याला पाजलंस. पुढे मोठा घोडा झाल्यावरही कालवण आवडलं नाही की ताट टाकून उतारावरून तुझ्याकडे धावायचा. मी ओरडले की म्हणायचा, 'माझी एक आये हय आसा, एक थंय.' मला तेव्हा राग यायचा, खरं सांगते.

मग बाळाभावजींनी ट्रॉलर आणला, वरच्या वाडीत आणखी दोघातिघांनी आणले, आणि खालची वाडी रापणीला धरून राहिली. ट्रॉलर किनाऱ्यालगत आला की तुमच्या रापणीची जाळी फाटायची आणि जाळी फाटली की दगड यायचे, हे काही तुला सांगायला नको. त्या कार्तिकातल्या दिवशी जाळी पुन्हा फाटली आणि काशीराम होडी घेऊन ट्रॉलर अडवायला गेला. पुढे काय झालं, तर तुमच्याकडे म्हणाले की त्याला ट्रॉलरखाली घातलं, आणि आमच्याकडे म्हणाले की त्याचा तोल गेला. पोलिसांनी 'बुडून मृत्यू' लिहिलं. किरण त्याच ट्रॉलरवर खलाशी होता. घरी आला तो ओल्या कपड्यांनी पडवीत बसून राहिला. 'आये, माका जेवण नको,' एवढंच बोलला. मी खोदून विचारलं तर उठून गेला. काशीरामला किनाऱ्यावरून घरी आणला तेव्हा मी तुझ्या खळ्याशी आले होते. बायकांनी कुंपणाचं बेडं लावून घेतलं. मी कुंपणापलीकडून तुला हाक मारली, हिरा. तू मान वर केली नाहीस. तुझं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या वेळी मी तुझ्या जागी असते तर दगड मारला असता.

शिमग्यात माझं घर बसलं. संध्याकाळी किरण होडी घेऊन निघाला, 'आये, जरा जावन येतंय,' म्हणाला. दुसऱ्या दिवशी होडी खडपांशी गावली, वल्ही आत व्यवस्थित ठेवलेली. तो गावला नाही. आजतागायत नाही. आणि तू आली नाहीस. हे मी तुझ्या नावावर मांडून ठेवलं होतं, आता लपवून काय उपयोग? सगळ्या जगाचं मी समजू शकत होते, पण त्याला पाजलेली बाई उतार चढून वर आली नाही, हे मला समजत नव्हतं. महिन्याभरात तू घराला कुलूप घालून कणकवलीला भावाकडे गेलीस हे मला सुकी मासळी विकायला हिंडणाऱ्या रुक्मिणीकडून कळलं. इकडे लोक म्हणाले, दर्भाचा पुतळा करा आणि क्रिया उरका, जीव अडकून राहतो. मी करू दिलं नाही. पोर कसं गेलं हे कुणी मला नीट तोंडावर सांगेपर्यंत मी गवताला अग्नी देऊ देणार नाही, म्हटलं. त्यावरून मला वेडी ठरवून झालं.

आता आषाढातली गोष्ट सांगते. समेटाची बोलणी आमच्याच पडवीत झाली. तुमच्याकडून गुरुदास, आमच्याकडून बाळाभावजी, आणि नावाला आमचे हे. गुरुदासला तू विसरली नसशील. काशीरामच्या छातीवर हात ठेवून 'एकाचे दोन घेतल्याशिवाय रवाचंय नाय' म्हणून ज्याने शपथ घेतली, तोच तुझ्या वाडीचा पुढारी. तो आणि बाळाभावजी आता भागीत मोठी बोट घेतायत. बोटीचं नाव 'एकजूट'. हसू नकोस, खरंच. त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की अंगणवाडीत मूल फिरकलं नाही, म्हणून मी लवकर परतले आणि मागल्या दाराने घरात येऊन चहा ठेवला. पडवीत कुणाला पत्ता नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असला की माणसं ओरडून बोलतात, तसे ते बोलत होते. मी कान लावला नव्हता, शब्द आपणहून आत येत होते.

बाळाभावजी म्हणत होते, 'काशीरामाचा नाव तुमी काढू नकात, किरणाचा आमी काढूचव नाय.' म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुदास म्हणाला, ठीक, पण निदान आपापसांत खरं काय ते एकदा कळू दे, नाहीतर भागीदारीत मन साफ राहायचं नाही. मग बाळाभावजींनी सांगितलं, हिरा. आता नीट वाच, आणि मध्ये थांबावंसं वाटलं तर थांब. काशीराम ट्रॉलरच्या कडेला हात घालून थांबा थांबा म्हणत होता. बाळाभावजींनी ट्रॉलर वळवला, त्याची होडी उलटली, तो पाण्यात पडला. जिवंत होता. पोहत होता. किरणने वरून दोर टाकला. काशीरामने तो धरला, दोन्ही हातांनी धरला. मागून तुमच्या वाडीच्या होड्या येत होत्या. दोराला धरून सगळीच माणसं ट्रॉलरवर चढतील असं बाळाभावजींना वाटलं. 'पोरग्यान दोर टाकलो, मियाच कापलो,' म्हणाले. कोयत्याने. किरण पाण्यात उडी टाकायला गेला तर त्याला धरून केबिनमध्ये कोंडला. तोल गेला नव्हता त्याचा, हिरा. हातात दोर होता.

आणि मग बाळाभावजी म्हणाले, 'तो पोरगो ताच सांगूक शिमग्यात तुमच्याकडे येय होतो. माका ठावक होता.' मी चहाचं भांडं धरून उभी होते.  मग गुरुदास म्हणाला, 'आमका काय ठावक तो काय सांगूक इलो? आमका वाटला टेहळूक इलो.' समजलं ना तुला? तुमच्या वाडीसाठी साक्ष द्यायला जो एक माणूस आमच्या घरातून निघाला, तो तुमच्याच माणसांनी मारला. आणि तो चाललाय हे माहीत असून सख्ख्या काकाने त्याला अडवलं नाही, कारण परस्पर सुंठेवाचून खोकला जात होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ना. मी आजवर त्या गुरुदासलाच शत्रू समजत होते, आणि ज्याला रोज जेवायला वाढत होते त्याला घरचा.

मी तशीच पडवीत गेले. 'माझो किरण खंय आसा?' एवढंच गुरुदासला विचारलं. तो एकदम देवभोळा झाला. गुरुदास खाली बघून म्हणाला, 'वैनी, पुनवेक देवाक गाऱ्हाणा घालतलव. मगे सगळा शांत होतला.' बाळाभावजी उठून पाऊस किती आहे ते बघायला गेले. आमच्या ह्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. गुरुदासने मी आणलेला चहा घेतला, बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्याला, आणि गेला. मी ह्यांना नंतर विचारलं, तुम्हांला आधीपासून माहीत होतं का? ते उठून मागल्या दारी गेले. काल नागपंचमी झाली, मी पातोळ्या केल्या, त्या त्यांनी खाल्ल्या आणि ताटावरच रडले.  हे सगळं मी पोलिसांना सांगेन म्हटलं, तर बाळाभावजी हसले. पावसात ऐकलेलं कोण धरून बसतं, आणि वेडीचं तर नाहीच नाही.

हे गाऱ्हाणं काय असणार आहे ते रुक्मिणी देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याकडून ऐकून आली आणि तिने मला जसंच्या तसं सांगितलं. नारळ वर धरून घाडी म्हणणार, 'बा देवा म्हाराजा, दोन वाडयेंचा जा काय वायट-वंगाळ झाला असात ता आज हय बुडव रे म्हाराजा. जो कोण ह्येच्या फुडे जुना उकरून काढीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!' आणि सगळा गाव म्हणणार, 'व्हय म्हाराजा!' कळली ना यांची युक्ती? आजपर्यंत देवाकडे लोक न्याय मागायचे, आता हे त्यालाच आपल्या मुठीचं झाकण करतायत. खालच्या वाडीत कुणाला माझी दया येऊन दोन शब्द सांगावेसे वाटत असतील, तर पुनवेनंतर तोही देवाला भिऊन गप्प बसेल. आपली माणसं कोर्टाला भीत नाहीत, पण गाऱ्हाण्याला भितात. तुझ्या तोंडालाही मग कुलूप, हिरा. तू तरी देवाच्या शब्दाबाहेर कुठे जायचीस!

म्हणून पुनवेच्या आधी हे लिहिते आहे. पोस्टात टाकणार नाही, आपल्या गावच्या पोस्टावर माझा विश्वास नाही. मंगळवारी रुक्मिणी कणकवलीच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन येईल, ती तुझ्या हातात देईल आणि तुझं उत्तर घेऊन जाईल. तू ये किंवा येऊ नकोस, दोराला हात लाव किंवा लावू नकोस, ते तुझं तू बघ. मी लावणार नाही. काशीरामच्या हातातला दोर ज्याने कापला त्याने पुढे केलेला दोर मी धरणार नाही, मग शाल दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर घाला. किरण त्या संध्याकाळी तुला जे सांगायला निघाला होता ते मी आज तुला सांगितलं, त्याचा निरोप त्याच्या आईने पोचवला. आता माझं तेवढं एक काम कर. तुझं घर वाडीच्या अगदी टोकाला, होडी लावली की पहिलं दार तुझंच. आठवून सांग. तो तुझ्या दारापर्यंत आला होता का? तुला हाक मारली होती का त्याने? आणि मारली असेल तर तू दार उघडलं होतंस, की लावून घेतलं होतंस? यातलं जे काही खरं असेल ते लिही, मी ते सोसेन. 'नाही' असेल तर नुसतं 'नाही' लिही. दोनच अक्षरं आहेत, तुला येतात.

तुझीच, करार व्हायच्या कितीतरी आधीपासूनची,
किशोरी